पेन्सिलताईने हात आवरला

तिला सगळे पेन्सिलताई म्हणायचे, कारण एक पेन्सिल तिच्या कानामागे असायची, एक अंबाड्यात खोचलेली असायची, आणि तिसरी ती सदा शोधत असायची.

फोटोच्या स्टुडिओत काम होतं तिचं. साधासुधा स्टुडिओ नव्हे हो, की लग्न ठरलं, गेले, बसले, काढला फोटो. इथे कापडगिरण्यांच्या जाहिराती व्हायच्या, बायकांच्या मासिकांची चित्रं व्हायची. तीन मजल्यांची अरुंद इमारत होती. सगळ्यात वर मोठमोठ्या दिव्यांखाली फोटो काढायचे. मधे पोशाखांची खोली, इस्त्री, टोप्या, कोट. आणि तळाला, जिन्याच्या पोटात, पेन्सिलताईची खोली. खोली कसली, कपाटाला खिडकी फुटावी तशी जागा. त्या खिडकीशी एक उतरतं मेज. त्यात काच बसवलेली, मागून उजेड यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि भिंग लावून बसायचं.

निगेटिव्ह म्हणजे सगळंच उलटं. गोरा गाल तिथे काळा दिसतो आणि काळा तीळ दिव्यासारखा चमकतो. त्या चमकत्या ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक हलकेच फिरवलं की फोटोत तीळ गायब. डोळ्यांखालची काळजी, तोंडाजवळची रेघ, सगळं असंच बुजवायचं. उलट काही गोरं दिसत असेल, जुनी जखम वगैरे, तर बारीक चाकूने तेवढी जागा खरवडायची. पेन्सिलीचं टोक बोटभर लांब आणि सुईसारखं अणकुचीदार लागायचं. चाकू तर शस्त्रक्रियेचाच. या दोन हत्यारांनी पेन्सिलताईने वीस वर्षांत किती बायकांची वयं उतरवली, ते देवालाच ठाऊक.

घरी ती भावाकडे राहायची. वहिनी जिभेने तिखट पण मनाने मऊ. "वन्सं," ती म्हणायची, "साऱ्या गावाच्या बायका तरुण करता, तुमच्या पेन्सिलीला माझ्या तोंडाचाच तेवढा रस्ता सापडत नाही का?"

"तुझ्या तोंडाला चाकू लागेल वहिनी, पेन्सिल पुरायची नाही."

यावर दादा पेपरामागे हसायचा आणि दोघींची बोलणी खायचा.

तर या स्टुडिओत एक बाई फोटोला उभी राहायची. तिला सगळे महाराणी म्हणत. उंच मान, लांब हात, आणि अंगावर काही घाला, मग तो गोणपाटाचा झगा असो, असं वाटायचं की हा हिच्यासाठीच विणला. पण ते समोरून. मागून पाहिलं तर पाठीवर लाकडी चिमट्यांची रांग, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी. कमरेत कापड जास्त झालं की मागून चिमटा, खांदा उतरला की आतून कापूस. बिचारी दोन-दोन तास बसू शकायची नाही, वळू शकायची नाही. शिंक आली तर परवानगी मागायची. आणि मासिकात फोटोखाली छापून यायचं, 'वय चोवीस, आवड घोडेस्वारी.' चोवीस ती अकरा वर्षं होती. घोड्यावर एकदाच बसली होती, तोही लाकडाचा, दुकानाच्या दारातला, आणि त्याला एकच कान होता.

महाराणीच्या डाव्या भुवईत एक व्रण होता. लहानपणी पायरीवरून पडली, भुवई मधोमध फाटली, ती सांधली पण तिथे केस उगवले नाहीत. काळ्या भुवईत एक गोरी रेघ. पहिल्या दिवसापासून मालकांनी सांगून ठेवलं होतं, "ताई, ही रेघ दिसता कामा नये." दिसलीही नाही. चाकूने खरवडायची, चाकूच्याच टोकाने तिथे एक एक केस कोरायचा. अकरा वर्षं पेन्सिलताई ती भुवई पेरत आली.

दोघींचं सूत चांगलं जमलं होतं. दुपारी चिमटे सुटले की महाराणी जिन्याखाली यायची, पाय समोरच्या खोक्यावर टाकायची आणि म्हणायची, "ताई, आज मी कोण झाले?" ताई निगेटिव्ह उजेडात धरून सांगायची, "आज बड्या घरची सून. कालच्यापेक्षा नाक शिष्ट आहे."

पण दिवस काही एकाच ठिकाणी राहत नाहीत. गिरणीच्या माणसाने एकदा मालकांना हळूच सांगितलं, आता नवा चेहरा बघा. भिंतीला कान असतात, आणि जिन्याखालच्या खोलीला तर कानच कान. महाराणीपर्यंत ते गेलं. ती रडली नाही. तिची धाकटी बहीण समुद्रापलीकडे होती, तिने शिवणाचं दुकान काढलं होतं आणि दोन वर्षं पत्रं पाठवत होती, ये म्हणून. कापायला मी, गिऱ्हाइकाला उभं कसं राहायचं ते सांगायला तू. महाराणीने ठरवलं, जायचं. तिकडचा परवाना आला, बोटीचं तिकीट आलं. बोट शनिवारी सकाळी. ही चुकली तर पुढली चार महिन्यांनी, आणि परवान्याची मुदत महिन्याअखेर संपणार. एकच कागद राहिला, पासपोर्ट. त्याच्या अर्जावर तिने आयुष्यात पहिल्यांदा खरं जन्मवर्ष लिहिलं. वय सदतीस. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण.

फोटो अर्थातच स्टुडिओतच काढायचा. मालक म्हणाले, "माझ्याकडून भेट." सगळे दिवे लावले, हनुवटी वर, मान जरा डावीकडे. आणि पेन्सिलताई दोन दिवस मान मोडून बसली. शेवटची भेट आपल्या हातची, तर अशी करावी की बघणाऱ्याने बघतच राहावं. झालंही तसंच. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं बाई, हिला पाहून बोटच थांबेल." भुवई तर अशी भरली होती की मोजून घ्यावी.

मंगळवारी दोघी कचेरीत गेल्या. काचेआड जाड चष्म्याचे साहेब. त्यांनी फोटो पाहिला, महाराणीला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हा कोणाचा?"

"माझा."

"ओळखीची खूण काय लिहिलीय? भुवईवर व्रण. तुमच्या भुवईवर आहे. फोटोतल्या बाईच्या नाही. मग एकतर अर्ज खोटा, नाहीतर फोटो खोटा, नाहीतर तुम्ही."

महाराणीने ताईकडे पाहिलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत फार गेली नव्हती ती, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. अर्जाचा कागद तिनेही वाचला होता. खूण वाचली होती, आणि मग घरी, म्हणजे मेजाशी, येऊन तीच खूण खरवडून काढली होती. दुसऱ्या कोणाकडून अशी चूक होणारच नाही. अकरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप तिथे गेला आणि डोकं त्याच्यामागून चालत राहिलं.

"दुसरा आणते," महाराणी म्हणाली.

"लवकर आणा. शुक्रवारी चारला खिडकी बंद होते."

त्या दिवशी घरी ताई जेवली नाही. वहिनीने विचारलं, काढून घेतलं सगळं, आणि मग हसू दाबत म्हणाली, "वन्सं, न्हाव्याने गिऱ्हाइकाचं नाक कापून वर म्हणावं की दाढी झकास झाली, तसं झालं हे."

"हसू नकोस वहिनी. खरवडलेलं परत येत नाही. नवा फोटो काढायला लागणार."

"मग काढा आणि हात बांधून बसा. मी बांधू का?"

बुधवारी मालकांनी कुरकुरत नवा फोटो काढला. ताईने चाकू खणात टाकला, खणाला किल्ली लावली, किल्ली इस्त्रीवालीकडे दिली. व्रणाला हात लावायचा नाही. आणि नाहीच लावला. पण काचेवर निगेटिव्ह ठेवली तेव्हा डोळ्यांखाली दोन चमकत्या कोयऱ्या दिसल्या. थकव्याच्या. तोंडाजवळ दोन रेघा. गळ्यावर एक. ताईला वाटलं, व्रण राहतोय ना, साहेबांना खूण हवी ती मिळतेय. मग एवढं केलं तर काय बिघडलं? बिचारी परक्या देशात जाणार, त्या कागदावर तरी नीट दिसू दे. पेन्सिल कानामागून कधी हातात आली तिलाही कळलं नाही. जित्याची खोड.

गुरुवारी साहेबांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"व्रण आहे," ते म्हणाले.

दोघींनी श्वास सोडला.

"पण बाई, अर्जात सदतीस आहे आणि ही पोरगी पंचविशीची. तुमची मुलगी का? तिलाही तिथेच लागलंय?" मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी फोटो काचेखालून परत सरकवला. ते काही दुष्ट नव्हते. पुढच्या बंदरावरचा माणूस हाच प्रश्न विचारेल, आणि तिथून परत पाठवेल, एवढंच म्हणाले.

कचेरीच्या पायऱ्यांवर महाराणी बसली. मासिकात पायऱ्यांवर बसायची तशी नव्हे, दमलेली बाई बसते तशी.

"ताई, तू केलंस?"

"थोडंसंच गं. डोळ्यांखाली."

"आणि?"

"आणि तोंडाजवळ. आणि गळ्यावर जरासं."

महाराणीने फोटो मांडीवर उलटा ठेवला. मग तिने जे विचारलं ते ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. हळू विचारलं. "माझा चेहरा एवढा वाईट आहे का गं?"

पेन्सिलताईने कानामागची पेन्सिल काढून पिशवीत टाकली. वीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. चेहरे काचेवर यायचे, न बोलता सुधारून जायचे. आणि खरं सांगायचं तर महाराणीचा चेहरा वाईट की चांगला हे तिला माहीतच नव्हतं. तिला त्यातला रोजचा मजकूर माहीत होता. इथे बुजव, तिथे खरवड.

शुक्रवारी सकाळी दोघी स्टुडिओत आल्या तर मालक नाहीत. पावसाळी कोटांचे फोटो काढायला कॅमेरे, दिवे, छत्र्या सगळं घेऊन समुद्रकाठी गेलेले, संध्याकाळशिवाय येणार नाहीत. इस्त्रीवाली तेवढी होती. महाराणी खोक्यावर बसली आणि म्हणाली, "संपलं. बहिणीला तार करते."

"थांब," ताई म्हणाली. ती काचेकडे बघत होती. बुधवारची निगेटिव्ह तिथेच होती. "चाकू नाही लावला मी हिला. नुसती पेन्सिल आहे."

"मग?"

"मग पुसता येते."

टर्पेंटाइनची बाटली खालच्या फळीवर होती. पेन्सिल चुकली तर पुसायला ठेवायची, पण ताईची पेन्सिल चुकायची कुठे? बाटलीचं बूच इतकं घट्ट बसलं होतं की इस्त्रीवालीने दातांनी काढलं. ताईने कापसाचा बोळा भिजवला. आणि बोळा निगेटिव्हपाशी नेला, तर महाराणीनेच तिचं मनगट धरलं.

"ताई."

"काय?"

"सगळं नको पुसूस." तिचं तोंड उतरलं होतं. "डोळ्यांखालचं तेवढं ठेव. त्याने काय होतंय? अकरा वर्षं मी स्वतःचा असा हात न फिरवलेला फोटो पाहिला नाही गं. आरशात पाहते, पण आरशासमोर माणूस आपोआप तोंड नीट करतं. तिथे बहीण येणार घ्यायला, तिची पोरं येणार. त्यांनी मासिकं भिंतीवर चिकटवलीत माझी."

आता बघा कसं असतं. काल ज्यावरून मन दुखावलं, तेच आज ठेव म्हणत होती. आणि पेन्सिलताईचा हात शिवशिवत होता, ठेवू या की एवढंसं, मैत्रीण विनवतेय. वीस वर्षं ती कोणाला नाही म्हणाली नव्हती. मालकांना नाही, गिरणीवाल्यांना नाही.

"नाही," ती म्हणाली. "धरू नकोस हात. सोड."

"ताई, मी सांगतेय ना!"

"तू सांगितलंस म्हणून नाहीच ऐकायचं. चारला खिडकी बंद होते. पोरांना भिंतीवरची मावशी हवी असेल तर ती भिंतीवर राहू दे, बोटीत तुला चढायचंय."

महाराणीने हात सोडला आणि तोंड फिरवलं. ताईने बोळा फिरवला. एक आडवा, एक उभा, एक गोल. करडं पाणी कापसात उतरलं. दोन तासांचं काम दोन मिनिटांत गेलं. तिला वाटलं होतं पुसताना वाईट वाटेल, पण वाटलं ते असं, की घरातला कोनाडा फार दिवसांनी रिकामा केला.

जिन्यामागच्या काळोख्या खोलीत फोटो धुवायचं काम मालकांचं. पण इतकी वर्षं बघून ताईला येत होतं. लाल दिवा लावला, निगेटिव्ह कागदावर ठेवली, वरचा दिवा लावून सातपर्यंत मोजलं, आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला. "ये इकडे," ती म्हणाली. "एकटीने बघणार नाही मी."

महाराणी आली. पाण्याखाली आधी भुवया आल्या, एक सबंध, एक तुटकी. मग डोळे. मग डोळ्यांखालचं सगळं. तोंड, त्याच्या रेघा, गळा.

मागून इस्त्रीवालीने मान घातली.

"ही बाई दमलेली दिसते," महाराणी शेवटी म्हणाली.

"आहेसच दमलेली."

"हं." ती आणखी वाकली. "पण ताई, हिच्याशी कोणी भावात घासाघीस करायला जाणार नाही."

"दुकानात अशीच लागते," इस्त्रीवाली म्हणाली.

आणि महाराणी हसली. त्या लाल उजेडात पेन्सिलताईने तो चेहरा हसताना पाहिला, आणि रेघा नेमक्या कशाच्या होत्या ते तिला दिसलं. फोटोला उभं राहताना तिला हसायची मनाई होती, दात दिसतात म्हणून. जिन्याखाली खोक्यावर पाय टाकून जेवढं हसली होती, तेवढंच तोंडाजवळ साठलं होतं. त्यातलं अर्धं तर ताईच्याच विनोदांचं. स्वतःचीच कमाई ती स्वतःच बुजवत बसली होती, इतके दिवस. "वाईट नाही," ती म्हणाली.

"काय?"

"काल पायऱ्यांवर विचारलंस ते. वाईट नाही. कालच सांगायला हवं होतं, पण मी तुला आत्ता पाहतेय."

फोटो टिपकागदात दाबला, इस्त्रीवालीने दुरून ऊब दिली, कडा जरा वाकड्या झाल्या त्या कापल्या. साडेतीनला दोघी खिडकीपाशी होत्या, धापा टाकत. साहेबांनी फोटो घेतला. महाराणीकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. मग डिंकाच्या बाटलीतून कुंचला काढला.

"आता ठीक," ते म्हणाले, आणि चिकटवता चिकटवता दयेने पुढे म्हणाले, "फोटो काही बरा नाही आला तुमचा. पण तुम्हीच आहात." धाडकन शिक्का मारला.

शनिवारी धक्क्यावर पोचवायला ताई गेली, बरोबर वहिनी आणि तिचा भलामोठा डबा. महाराणी राखी कोट घालून शिडी चढली. बोट सुटली. ताई हात हलवत राहिली, डोळे पुसत, पुन्हा हलवत. कठड्याशी राखी कोटातली बाईही तेवढ्याच जोराने हात हलवत होती.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "ती दुसरीच कोणीतरी आहे. तुमची महाराणी पलीकडे, त्या पिंपाजवळ."

भिंगातून जवळचं बघून बघून ताईचं लांबचं दिसणं केव्हाच गेलं होतं. "अगं, मग ही का हात हलवतेय?"

"तिला पोचवायला कोणी आलं नसेल. राहू द्या, हलवा. एक हात तिला, एक हिला."

दोन्ही हात वर करून पेन्सिलताई बोट ठिपका होईपर्यंत उभी राहिली.

सोमवारी स्टुडिओत नवी मुलगी आली. एकोणीस वर्षांची. पाठीवर चिमटे लावताना तिला गुदगुल्या व्हायच्या. दुपारी तिची निगेटिव्ह खाली आली, मालकांची चिठ्ठी जोडून. पुढचे दोन दात, त्यांतली फट बुजवा. ताईने पेन्सिल घासून टोक काढलं, भिंग लावलं, आणि मग भिंग खाली ठेवून दोन मजले जिना चढून गेली. गुडघे कुरकुरले. इतक्या वर्षांत ती कामासाठी कधी वर गेली नव्हती.

मुलगी चिमट्यांसकट स्टुलाच्या कडेला टेकली होती.

"अगं ए, तुझ्या दातांत फट आहे," ताई म्हणाली.

मुलीने पटकन तोंडावर हात नेला. "माहितेय."

"मालक म्हणतात बुजवा. मी आधी तुला विचारायला आले. तुला काय हवंय?"

मुलीने हात खाली घेतला. तिला कोणी असं विचारेल असं वाटलं नसावं. तिने मागे मालकांकडे पाहिलं. मालक दिव्याच्या वायरीत गुंतले होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते.

"फट राहू दे," ती म्हणाली. "शिट्टी चांगली वाजते तिच्यामुळे." मग जरा पुढे वाकून, हळूच, "पण ताई, नाकाचं काही करता येईल का हो?"